विश्लेषण : सीएनसी मशीनचे लाल बटण दाबल्यानंतर काय?

मेढा आणि जावळी तालुक्यातील गावांमधून सातारा, शिरवळ किंवा पुण्याकडच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांना सीएनसी मशीनवर सर्वांत आधी ओळख होते ती लाल बटणाची, म्हणजेच ‘इमर्जन्सी स्टॉप’ची. ते दाबणे सोपे असते. चुका होतात त्या मशीन पुन्हा सुरू करताना.

लाल बटण नेमके काय करते?

बटण दाबले की ते आत अडकून राहते आणि अक्ष सरकवणाऱ्या मोटारींची वीज तुटते. अनेक मशीनमध्ये मोटारी आधी ब्रेक लावून थांबवल्या जातात, मग वीज तोडली जाते. बटण फिरवून सोडले तरी मशीन आपोआप सुरू होता कामा नये, असे ‘आयएसओ १३८५०’ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

मशीन जागा का विसरते?

साधा एन्कोडर अक्ष किती सरकला एवढेच मोजतो. कंट्रोलर चालू असेल तर ही मोजणी सहसा टिकते. पूर्ण वीज गेली की पुसली जाते. लाकडावर नक्षी कोरणाऱ्या स्वस्त राउटरमध्ये बहुधा एन्कोडरच नसतो. तो वेगात असताना थांबला, तर पडद्यावरचा आकडा आणि टूलची खरी जागा यांत फरक पडू शकतो.

होमिंग म्हणजे काय?

प्रत्येक अक्ष ठरलेल्या स्विचपर्यंत नेऊन शून्य पुन्हा निश्चित करणे, म्हणजे होमिंग. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ एन्कोडर असलेल्या मशीनला दर वेळी त्याची गरज नसते. मात्र त्यांपैकी अनेकांची स्मृती बॅटरीवर चालते. त्यामुळे बॅटरीच्या अलार्मकडे दुर्लक्ष महागात पडते.

धोका कुठे?

टूल जॉबमध्ये अडकलेले असताना थेट होमिंग केले, तर टूल तुटते किंवा चकला धडकते. म्हणून आधी टूल हाताने, सावकाश बाहेर काढावे. मिलिंगमध्ये झेड अक्ष प्रथम वर घ्यावा. टॅप आट्यांत अडकला असेल, तर सरळ ओढू नये, उलटा फिरवून काढावा. त्यानंतर होमिंग आणि मगच प्रोग्रॅम, तोही सुरक्षित ओळीपासून. चिप्स काढायला किंवा दुरुस्तीला हात आत घालायचा असेल, तर लाल बटण पुरेसे नाही. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे.

कायदा काय सांगतो?

धोक्याच्या वेळी वीज तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या खोलीत असावी, असे कारखाना अधिनियम, १९४८च्या कलम २४ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी मूळ कायद्यात किमान १० कामगारांची अट होती. संहितेत ती २० आहे. त्यामुळे छोटी वर्कशॉप ‘कारखान्या’च्या व्याख्येबाहेर राहू शकतात. तिथल्या मशीनचा धोका मात्र तेवढाच असतो. लाल बटण चालते का, हे तपासण्याची आणि थांबलेले मशीन पुन्हा सुरू करण्याची पद्धत नव्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी तिथे मालक आणि सेटर यांच्यावरच येते.