चॅम्पियन पोराने वरच्या वजनगटात जावे का?

घरात बॉक्सिंगचे पदक आले की वर्ष-दीड वर्षात एक प्रश्न पाठोपाठ येतोच. ज्या गटात पोरगा किंवा पोरगी जिंकली, तो गट अंगाला लहान पडू लागतो. पोर वाढीच्या वयात असते, उंची वाढते, खांदे भरतात, काटा पुढे सरकतो. मग कोणी म्हणते, "दोन-तीन किलो उतरव, पदक पक्के आहे." आई म्हणते, "चार दिवस झाले, पोट्टं धड जेवलं नाही." आणि बाप दोघांच्या मध्ये गप्प बसतो, कारण त्याच्या डोळ्यापुढे प्रमाणपत्र असते आणि त्या प्रमाणपत्रामागे नोकरी असते.

या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. पाणी तोडून आणि उपाशी राहून खालचा गट धरून ठेवावा लागत असेल, तर विजेत्याने वरच्या गटात जावे. पहिल्या एक-दोन स्पर्धा हरला तरी जावे. अंगच भरले नसेल, तर मात्र नुसत्या हौसेने जाऊ नये.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवले जाते. बुलडाणा जिल्ह्यातून येऊन तिथेच घडलेल्या अनंता चोपडेने जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. म्हणजे वऱ्हाडातले पोर जगात जिंकू शकते. प्रश्न एवढाच, की जिंकताना अंग शाबूत राहते का.

वजन उतरते, म्हणजे काय उतरते?

स्पर्धेच्या आठ दिवस आधी तीन किलो उतरवले, तर त्यात चरबी थोडीच असते. उतरते ते बहुतेक पाणी आणि स्नायूंतली साठवलेली साखर. लढतीत हीच साखर कामी येते आणि हेच पाणी रक्त पातळ ठेवते. अंगातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटले तरी दम कमी पडतो. ५० किलोच्या पोराला दोन टक्के म्हणजे फक्त एक किलो. तीन किलो पाणी काढून रिंगमध्ये उतरलेले पोर पहिल्या फेरीत चांगले दिसते आणि तिसऱ्या फेरीत त्याचे हात खाली येतात. हात खाली आले की ठोसा डोक्यावर बसतो. म्हणून हा प्रश्न हार-जितीचा आहे तसाच मेंदूचाही आहे.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होते, सावरायला रात्र मिळते. आपली पोरे ज्या हौशी बॉक्सिंगमध्ये खेळतात, तिथे लढतीच्या दिवशी सकाळीच काट्यावर उभे राहावे लागते. चार लढती असतील तर चार सकाळी. एका घोटाने अंग भरून निघत नाही.

त्यात आपला उन्हाळा. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत प्लास्टिकचा सूट घालून मैदानाला चकरा मारणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर जवळपास महिनाभराच्या अंतरात मरण पावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि वाफेच्या खोलीवर बंदी आली. आपल्याकडे अजून हे "मेहनत" या नावाखाली चालते.

काही जण लघवी जास्त होण्याच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहेत. तपासणीत सापडल्या तर पदक जाते आणि खेळण्यावर बंदी येते. गोळी कोणी दिली, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

आपल्या घरांसाठी एक जास्तीचा धोका

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. आदिवासी समाजात आहे, तसे आपल्या समाजातही आहे. ज्याला एकाच पालकाकडून हा गुण मिळतो तो "वाहक", म्हणजे एएस. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. तो शाळेत जातो, धावतो, बॉक्सिंगही खेळू शकतो. पण अंगातले पाणी आटले, ऊन कडक असले आणि त्यातच जीव तोडून मेहनत झाली, तर त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, स्नायू तुटू लागतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. यात जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत २००६ मध्ये एक महाविद्यालयीन फुटबॉलपटू असा गेला. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आला.

म्हणून पाणी तोडून वजन उतरवणे हे कोणत्याच पोराने करू नये, आणि वाहक पोराने तर मुळीच नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. ग्लोव्ह्ज घेण्याआधी ती करून घ्यावी आणि कागद कोचला दाखवावा. एसएस म्हणजे रुग्ण असलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिंगमध्ये उतरू नये.

वर गेलेले आणि खाली राहिलेले

मेरी कोमने जागतिक स्पर्धा जिंकल्या त्या ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे तीनच गट होते आणि सर्वांत खालचा होता ५१ किलोचा. ती वर गेली. उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला अॅडम्सकडून हरली, पण कांस्यपदक घेऊन आली. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत तिने त्याच ५१ किलो गटात सुवर्ण घेतले.

आसामच्या लवलिना बोर्गोहेनला टोकियोत ६९ किलो गटात कांस्य मिळाले. पॅरिससाठी तो गटच राहिला नाही. ती ७५ किलोत गेली आणि मार्च २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये मात्र उपांत्यपूर्व फेरीत हरली.

अमित पंघालने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४९ किलोत सुवर्ण जिंकले. तो गट ऑलिंपिकमधून गेला, म्हणून तो ५२ मध्ये आला आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. टोकियोत पहिल्याच लढतीत हरला. पण त्याला हरवणारा कोलंबियाचा मार्टिनेझ हाही ४९ मधूनच वर आलेला होता. म्हणजे हार झाली ती वर गेल्यामुळेच, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला विनेश फोगाट. खेळ कुस्तीचा, पण काटा तोच. ५३ किलोची पैलवान ५० किलोत उतरली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिने तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. रात्रभर वजन उतरवूनही सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. तिच्याजवळ डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या पोराजवळ कोण असते? बहुतेक वेळा एक कोच आणि एक बाटली, तीही रिकामी ठेवायला सांगितलेली.

"वर जाड पोरे मारतील"

ही भीती खोटी नाही. वरच्या गटात समोरचा उंच असतो, हात लांब असतात, ठोसा जड असतो. पण तुमचे पोर रोजच्या जेवणावर ५३ किलोचे असेल, तर ५५ च्या गटात ते पोट भरून, पाणी पिऊन उतरते. ५० च्या गटात ते सुकून उतरते. सुकलेल्या अंगावर हलका ठोसाही जड बसतो.

आता जागतिक स्पर्धांत पुरुषांचे गट ५०, ५५, ६०, ६५ असे पाच-पाच किलोंच्या अंतराने आहेत. ५२ चा गट राहिलेला नाही. त्यामुळे ५२-५३ किलोच्या कितीतरी पोरांपुढे हाच प्रश्न आहे. माझे म्हणणे, ५५ कडे जा, पण घाई न करता जा.

दुसरी भीती नोकरीची. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि वस्तीतल्या घराला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण मूत्रपिंड बिघडलेल्या, हाडे कमजोर झालेल्या पोराला त्या नोकरीचा उपयोग किती? खेळ सुटला तर पुढची पदकेही सुटतात. एक वर्ष पदक नाही मिळाले, तर ते वर्ष वाया गेले असे समजू नये.

निर्णय कसा करावा

स्पर्धा नसलेल्या महिन्यात, नीट जेवून-झोपून, सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन करा. आठवड्यातून दोनदा, दोन महिने, वहीत लिहून ठेवा. हे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा दीड किलोच्या आत जास्त असेल, तर तळकट-गोड कमी करून पाच-सहा आठवड्यांत सावकाश उतरवता येते. त्याहून जास्त असेल आणि पोराची उंची अजून वाढत असेल, तर वर जा. वजन गटाच्या आतच राहत असेल, तर वर जाण्याचे कारण नाही.

वर जाताना वजन महिन्याला एक किलोच्या आसपास वाढावे, आणि सोबत ताकदीचा व्यायाम असावा. नुसते पोट वाढले तर काटा वाढतो, ठोसा वाढत नाही. महागडी पावडर लागत नाही. आपल्या शिवारात सोयाबीन आणि तूर पिकते. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, दोन-तीन अंडी, मूठभर शेंगदाणे, फुटाणे-गूळ, सोयाबीनच्या वड्या, दूध किंवा दही, आणि आठवड्यात जमेल तेव्हा मटण, चिकन किंवा मासोळी. सरावानंतर अर्ध्या-एक तासात काहीतरी पोटात गेलेच पाहिजे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आईनेच पाहावी. वजन उतरवताना पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली, तर "खेळामुळे होते" म्हणून सोडून देऊ नका. अंगाला अन्न कमी पडते आहे, हाडे झिजू लागली आहेत, याची ती खूण आहे. देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा, वजनगटाचे नंतर पाहू.

कोच सरांशी भांडण करायचे नाही. ते आपल्या पोरासाठी पहाटे उठतात. पण पालक म्हणून त्यांना तीन प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे: पोराचे रोजचे वजन किती, स्पर्धेआधी किती दिवसांत किती उतरवणार, आणि ते कसे उतरवणार? उत्तरात "पाणी बंद" हा शब्द आला, तर त्या स्पर्धेत पोराचे नाव वरच्या गटात द्यायला सांगा.