जादू म्हणू नका, कष्ट म्हणा



आज मला एका शब्दाशी भांडायचं आहे. तो शब्द म्हणजे ‘जादू’. डिस्नेच्या जुन्या कार्टून सिनेमांतल्या गाण्यांचा विषय निघाला की तो येतोच. ‘स्नो व्हाइट’, ‘पिनोकियो’, ‘लिटल मर्मेड’, ‘लायन किंग’... एवढी वर्षं झाली तरी ही गाणी जुनी कशी होत नाहीत, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: “जादू आहे हो त्यांच्यात!” आणि विषय तिथेच संपतो.

हा शब्द आपल्याही वाट्याला येतो. पुरणपोळी चांगली झाली की पाहुणे म्हणतात, “काकूंच्या हाताला जादू आहे.” डाळ निवडली कुणी, शिजवून पुरण वाटलं कुणी, कणीक तिंबली कुणी, तव्याच्या धगीपाशी दोन तास उभं राहिलं कोण, हे त्या एका शब्दाखाली झाकून जातं. जादूला मजुरी द्यावी लागत नाही. म्हणून तर हा शब्द सगळ्यांना सोयीचा वाटतो.

काहीजण दुसरं उत्तर देतात: लहानपणीच्या आठवणी, दुसरं काय! तेही मला पटत नाही. माझ्या पिढीच्या लहानपणी आपल्या गावांत ही गाणी कुठे होती? आपल्या कानावर रेडिओवरची भावगीतं आणि मंदिरातली स्तवनं. ही गाणी आपल्याकडे मुलांच्या आणि नातवंडांच्या मागून आली, तेव्हा आपण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली होती. तरी ती आपल्याला आवडली. मागे बालपणीची आठवण नसताना गाणं मनात घर करतं, म्हणजे ते मुळात नीट बांधलेलं आहे. कॉमर्सवालीच्या भाषेत सांगायचं तर इथे नुसतं गुडविल नाही, मालही चोख आहे.

तो माल कसा तयार झाला ते बघा. 1940 च्या ‘पिनोकियो’मध्ये ताऱ्याकडे बघून इच्छा मागण्याचं गाणं आहे. संगीत ली हार्लाइन यांचं, शब्द नेड वॉशिंग्टन यांचे. त्यातला दुसराच स्वर पहिल्यापेक्षा पूर्ण एका सप्तकाने वर आहे. गाणं सुरू होताच आवाज जमिनीवरून आकाशाकडे जातो. ही किमया आपोआप होत नाही, कुणीतरी विचार करून तो स्वर तिथे ठेवलेला असतो.

‘लिटल मर्मेड’ आला 1989 मध्ये. त्याची गाणी लिहिणारे हॉवर्ड अॅशमन हे नाटकाच्या रंगभूमीवरून आलेले. त्यांनी स्टुडिओतल्या लोकांना समजावून सांगितलं होतं की संगीत नाटकात सुरुवातीलाच नायिका तिला काय हवं आहे ते गाऊन सांगते. एकदा ते कळलं की प्रेक्षक तिचा होतो. एरियलचं माणसांच्या जगाची ओढ सांगणारं गाणं या हिशोबाने रचलेलं आहे. ते गाताना जोडी बेन्सन यांनी स्टुडिओतले दिवे मंद करून घेतले, समुद्राच्या तळाशी एकटं असल्यासारखं वाटावं म्हणून. आणि हेच गाणं सिनेमातून जाणार होतं! चाचणीच्या खेळात मुलं चुळबुळली म्हणून वरिष्ठांनी ते कापायला काढलं होतं. अॅशमन आणि त्यांचे सहकारी भांडले म्हणून ते राहिलं. आज ज्याला आपण जादू म्हणतो, ते त्या भांडणात कुणी माघार घेतली असती तर आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

पुढच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या वेळी अॅशमन एड्सने आजारी होते. ते कॅलिफोर्नियाला जाऊ शकत नव्हते, म्हणून सिनेमाची माणसं न्यूयॉर्कच्या बाजूला त्यांच्याकडे येऊन काम करत. 14 मार्च 1991 रोजी, वयाच्या 40 व्या वर्षी ते गेले. सिनेमा पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. नंतर त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. अंगात ताकद नसताना शब्द जुळवत बसलेल्या त्या माणसाला आठवून मला सांगा, याला जादू म्हणायचं?

आता वहीची दुसरी बाजू बघू. काम केलं कुणी हे पाहिलं, आता जमा कुणाच्या खात्यावर झालं ते पाहू.

1937 च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये राजकन्येचा आवाज एड्रियाना कॅसेलोटी या तरुण मुलीचा आहे. ज्या गळ्यावर सिनेमा उभा राहिला, तिचं नाव त्या सिनेमाच्या नामावलीत नाही. राजकन्या खरी वाटावी आणि गाणारी बाई कुणाला दिसू नये, असा तो कारभार.

‘पिनोकियो’चं ते ताऱ्याचं गाणं क्लिफ एडवर्ड्स यांनी गायलं. 1971 मध्ये ते वारले तेव्हा जवळ पैसा नव्हता, आणि सुरुवातीला पार्थिव न्यायलाही कुणी पुढे आलं नाही. डिस्ने कंपनी त्यांच्या औषधपाण्याचा बराच खर्च गाजावाजा न करता उचलत होती, हेही सांगितलं पाहिजे. पण औषधाला दिलेली मदत वेगळी आणि कष्टाचा वाटा वेगळा. दोन्ही एकाच खात्यात धरता येत नाहीत.

मग सॉलोमन लिंडा. दक्षिण आफ्रिकेतले झुलू गायक. 1939 मध्ये त्यांनी जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ म्हणजे सिंह या नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. हक्क विकले 10 शिलिंगांना. पुढे त्या चालीवर अमेरिकेत इंग्रजी गाणं झालं, जगभर गाजलं, आणि 1994 च्या ‘लायन किंग’मध्ये टिमॉन आणि पुम्बाच्या तोंडी आलं. लिंडा 1962 मध्येच गरिबीत वारले होते. त्यांच्या कबरीवर दगड बसवायलाही घरच्यांकडे पैसे नव्हते. 2004 मध्ये त्यांच्या कुटुंबाच्या वतीने डिस्नेवर खटला झाला, 2006 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे मुलींना गाण्याचा वाटा मिळू लागला.

“करार झाला होता ना? सही केली होती ना?” असं म्हणणारे आहेत. मान्य, कागद होता. पण समोरच्याला आपल्या वस्तूची किंमत माहीत नसताना ती 10 शिलिंगांना घेणं हा सौदा कायद्यात बसला तरी मनाला पटत नाही. न दिलेलं घेऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिलं कशाला म्हणायचं, हेही कधीतरी विचारायला हवं.

आणि सही करणारी बाई जागी असली तर काय होतं, तेही ऐका. 1955 च्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी पेगी ली यांनी सॉनी बर्क यांच्याबरोबर गाणी लिहिली आणि चार पात्रांना आवाज दिला. जनतेला विकायच्या ध्वनिमुद्रित प्रतींचा हक्क त्यांनी करारात स्वतःकडे राखला होता. पुढे व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला. कंपनीने सिनेमाच्या कॅसेट विकल्या, भरपूर कमावलं. पेगी लींनी 1988 मध्ये दावा लावला. 1991 मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे 38 लाख डॉलर मंजूर केले. नंतर रक्कम कमी झाली, पण निकाल त्यांच्या बाजूनेच राहिला. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या आणि तब्येतीने थकलेल्या. करारातल्या एका ओळीने त्यांना तारलं. मुलीसुनांना हे जरूर सांगा. सही करण्याआधी कागद वाचायला लाजू नये.

“आजी, गाणं ऐकू दे, हिशोब कशाला?” असं नातवंडं म्हणतील. मी कुणालाही गाणं बंद करायला सांगत नाही. ही गाणी घरात वाजोत, मुलं नाचोत. हिशोब कळला म्हणून गोडी कमी होत नाही. पुरणाला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत असतं, तो पोळीचा तुकडा ताटात टाकत नाही. गाण्याचंही तसंच.

आपल्याला हे जमतं, हे विशेष. दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागायची, तिच्या हिंदी शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाजांचं, हे घरोघर माहीत आहे. मग 1967 च्या ‘जंगल बुक’मधलं अस्वलाचं गाणं टेरी गिल्किसन यांचं, हे का माहीत नसावं? त्यांनी सिनेमासाठी बरीच गाणी लिहिली होती. बाकीची बाजूला पडली आणि हे एकच राहिलं. नाकारलेल्या गाण्यांचे कष्टही त्या एका गाण्याच्या खात्यात धरायला हवेत.

तेव्हा पुढच्या वेळी नातवंडांबरोबर सिनेमा बघाल तेव्हा शेवटी नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. दोन मिनिटं बसा. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, एवढं मुलांना मोठ्याने वाचायला लावा. आणि जेवणाच्या पंगतीत कुणी तुमच्या हाताच्या जादूचं कौतुक केलं, तर हसून सांगा, “जादू नाही हो, सकाळी सहापासून उभी आहे.”