जुन्या जीपला रॅक नको, दुरुस्ती हवी



कोरडवाहू भागात जुनी जीप अजून राबते आहे. कापूस जिनिंगवर न्यायचा, बी-खत आणायचे, रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला पोचवायचे, सगळे तिच्याच जिवावर. आता या जीपांची स्टिअरिंगे म्हातारी झाली. चाक पाव फेरा फिरवले तरी गाडी वळायचे नाव घेत नाही. मग एखादा मिस्त्री सुचवतो, "बॉक्स काढून टाका, भंगारातल्या मारुतीचा रॅक बसवून देतो. फुलासारखे फिरेल." आमचे स्पष्ट मत आहे, या फंदात पडू नका.

आम्ही रॅकचे वैरी नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते आणि पट्टीच्या टोकांचे दांडे चाके वळवतात. सांधे कमी, वजन कमी. अॅम्बेसेडरला रॅकच होता, 1983 साली आलेल्या मारुती 800 लाही रॅकच. पण या गाड्यांचे पुढचे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे आपल्या जागी राहते.

जीपचे तसे नाही. विलीजच्या नमुन्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने आपल्याकडे आणलेल्या या जीपांची पुढची दोन्ही चाके पाट्यांवर बसवलेल्या एकाच अखंड एक्सलवर असतात, बैलगाडीच्या आखासारखी. एक चाक धोंड्यावर चढले की सगळा एक्सल कलतो. रॅक मात्र चेसीला बांधलेला. दांड्यांची लांबी काही वाढत नाही. मग एक्सल खाली-वर झाला की दांडे चाकांना ओढतात किंवा ढकलतात आणि हातातले चाक न हलवताही गाडी दिशा सोडते. पांदणीत हे निभावेल. भरल्या गाडीने डांबरीवर वेगात असताना काय होईल? रॅक एक्सलवरच बसवला, तर प्रत्येक दणका त्यालाच बसणार आणि वरचा दांडा सरकता करावा लागणार. गावच्या वेल्डिंगवर ते काम सोपवायचे नाही.

अखंड एक्सलला बॉक्सच शोभतो, हे काही जुनाट मत नव्हे. 2023 मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीचा पुढचा एक्सल अखंड आहे आणि तिला कारखान्यानेच रॅक न देता गोळ्यांवर फिरणाऱ्या स्क्रूचा बॉक्स दिला आहे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा यावर अडकू शकतो.

मग करायचे काय?

1. एकाने स्टिअरिंग डावे-उजवे हलवावे, दुसऱ्याने खाली वाकून बघावे. कुठला सांधा नुसताच हलतो, पुढे ओढत नाही, ते लगेच दिसते.

2. मागच्या चाकांना उटी लावून पुढचे चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खडखडले तर किंगपिनचे बेअरिंग किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे.

3. टाय रॉडचे एंड, बेलक्रँकचे बुश, पाट्यांचे यू-बोल्ट तपासा. झिजलेला भाग बदला. स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग कधीच नको.

4. बॉक्समधले तेल बघा, बॉक्स चेसीला घट्ट आहे का बघा. प्ले काढताना स्क्रू इतका आवळू नका की वळणानंतर चाक परत येणार नाही.

5. शेवटी टायरची हवा आणि अलाइनमेंट.

बहुतेक वेळा दोष या झिजलेल्या सांध्यांत असतो. ते तसेच ठेवून रॅक बसवला, तर पैसे जातील आणि खडखड तशीच राहील. एवढे करूनही स्टिअरिंग जड वाटले, तर त्याच जातीचा चांगला बॉक्स शोधा. मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: एक्सल उचलला की तुझा रॅक काय करील? उत्तर नसेल, तर गाडी त्याच्या हाती देऊ नका. तिच्यात आपली लेकरे बसतात.