एलईडीच्या माळांच्या पिनेत फ्यूज हवा

गणपती-दिवाळीच्या खरेदीला पुण्यात तापकीर गल्लीत जा, नाहीतर मुंबईत लोहार चाळीत, माळांच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘एलईडी आहे हो, कितीही माळा एकापुढे एक जोडा, काही होत नाही.’ वीजबिलापुरतं ते खरं आहे. जुन्या बारीक बल्बांची माळ 40 वॅटच्या आसपास वीज खायची, तितक्याच दिव्यांची एलईडी माळ 5 वॅटमध्ये भागवते. 230 व्होल्टवर हा प्रवाह जेमतेम 22 मिलिअँपिअर. दहा माळा लावल्या तरी छताच्या पंख्याएवढीही वीज जात नाही.

पण हा हिशेब सगळं धड चालू असतानाचा. माळ बिघडली की वॅटचा आकडा निरुपयोगी ठरतो, तिथे तारेची जाडी आणि लांबी बोलते. स्वस्त माळेतलं तांबं फार तर 0.1 चौरस मिलिमीटर असतं. दहा-दहा मीटरच्या पाच माळा शेपटीला शेपटी लावून जोडल्या, तर जाऊन-येऊन 100 मीटर तार होते आणि तिचा रोध साडेसतरा ओहमच्या घरात जातो. आता पाचव्या माळेच्या टोकाला, गॅलरीच्या कोपऱ्यात, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असं समजा. शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी लगेच पडणार, असा आपला समज. इथे मात्र प्रवाह 13 अँपिअरवरच अडकतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. 6 अँपिअरचा पडतो, पण सावकाश. तोवर ती केसासारखी तार तापून वरचं प्लॅस्टिक वितळतं, आणि शेजारी मखराचा कापूस नाहीतर कंदिलाचा कागद असतोच. एमसीबी घराच्या वायरिंगला जपायला बसवलेला असतो. माळेची राखण त्याच्याकडे कुणी सोपवलेलीच नाही.

ब्रिटनमध्ये तीन पिनांच्या प्लगमध्येच फ्यूज असतो. अमेरिकेतल्या सणाच्या माळांच्या पिनेतही बारीक फ्यूज असतो आणि सलग किती माळा जोडायच्या हे वेष्टनावर छापलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक माळांची टू-पिन म्हणजे नुसत्या दोन पितळी काड्या. एलईडी माळांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, खोक्यावर मानक चिन्हासोबत ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो पाहून माळ घेणारं गिऱ्हाईक मला तरी अजून दिसायचं आहे. पाहायचं कसं म्हणा, निम्मा माल पारदर्शक पिशवीतून सुटाच विकला जातो.

सोसायट्यांमध्ये तर याहून पुढची कला चालते. पिन कापायची, तारा सोलून पीळ द्यायचा, वर टेप मारायची आणि माळ लोखंडी ग्रिलला गुंडाळायची. एखादी सर पडते, टेप सुटते, आणि अख्खं ग्रिल शॉक द्यायला तयार. शेवटच्या माळेच्या मोकळ्या टोकातही 230 व्होल्ट असतात, तिथे टोपी बसवायची असते हे तर कुणाच्या गावीही नसतं. जिन्याच्या रोषणाईला, गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा म्हटलं की कमिटीत खर्चाची कुरकुर होते. डीजेच्या खर्चाला ती कधी ऐकली नाही.

‘आमची पट्टी 12 व्होल्टची, तिला कसली भीती’ असं म्हणणाऱ्यांसाठीही एक हिशेब आहे. मीटरला 14.4 वॅट घेणारी पाच मीटरची पट्टी 72 वॅटची होते. 12 व्होल्टवर हे झाले 6 अँपिअर, म्हणजे मघाच्या माळेच्या पावणेतीनशे पट प्रवाह! त्या पट्टीच्या शेपटीला दुसरी जोडली की दोघींचा भार पहिलीच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जातो. शेवटचे दिवे मंद पडतात आणि सुरुवातीचा जोड भाजतो. दुसऱ्या पट्टीला अडॅप्टरपासून स्वतंत्र जाड वायर द्यावी, आणि अडॅप्टरही दोघींना पुरेल असा घ्यावा.

माळांनाही तेच लागू. चांगल्या जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड जवळ आणून प्रत्येक माळेची पिन स्वतंत्र लावली, की मघाचा 100 मीटरचा पल्ला 20 वर येतो, आणि टोकाला शॉर्ट झालं तर 6 अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडतो. उघड्यावरचे जोड मात्र पाण्यापासून झाकलेलेच हवेत.

हे घरोघरी समजावत बसण्यापेक्षा माळ बनते तिथेच सोय झाली पाहिजे. प्रत्येक माळेच्या पिनेत फ्यूज आणि सलग किती माळा जोडता येतील तो आकडा वेष्टनावर मराठीतून, मोठ्या अक्षरात, या दोन गोष्टी सक्तीच्या करायला मानक ब्युरोला काय अडचण आहे? माळेमागे दहा-वीस रुपये वाढले तर ग्राहक म्हणून मी ते खुशीने देईन. आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या माळा भर रस्त्यात विकल्या जात असताना तपासणी पथकं कुठे असतात, हेही ब्युरोने दिवाळीच्या आत सांगावं.

आपला,
एक वाचक, पुणे