वीस तारीख आणि मंद इंटरनेट

पुरुषोत्तमनगर-शहादा भागातील ज्या पेढ्या कंपनी अथवा एलएलपी आहेत, त्यांना जीएसटीचे मासिक विवरणपत्र डिजिटल स्वाक्षरीने भरावे लागते. 20 तारीख उलटली की प्रतिदिन 50 रुपये विलंबशुल्क. नेमक्या त्याच सायंकाळी स्वाक्षरीचे ‘एमसाइनर’ अडते आणि दोष इंटरनेटच्या माथी जातो.

पूर्वी अशी कामे ब्राउझरमधील जावा प्लगइन करीत असे. क्रोमने 2015 मध्ये त्याचा आधार काढला. एमसाइनर ब्राउझरबाहेर, संगणकावरच चालते. त्यामुळे ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ या संदेशातील सर्व्हर बहुधा आपल्याच मेजावर असतो! एमसाइनर बंद करून, उजव्या क्लिकने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून पुन्हा सुरू करावे. टोकनचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो.

मंद जोडणीचा खरा अपराध निराळा: फाईल अर्धवट उतरते. ती पुसून, पहाटे सामायिकास बसण्यापूर्वी पोर्टलवरून नव्याने उतरवण्यास लावावी, किंवा कर सल्लागाराने तेथूनच घेतलेली प्रत पेनड्राइव्हवर आणावी.

एकल मालकीच्या दुकानास हा खटाटोपच नको. मोबाइलवरील ओटीपीने विवरणपत्र भरता येते.