आधी पासंग काढा, मग रात्री मोजा

देवयानी दीर्घिकेइतकी वारंवार टिपली गेलेली दीर्घिका क्वचितच दुसरी असेल. आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये इंग्लंडमधून तिचे छायाचित्र काचेच्या प्लेटवर उतरवले. तेव्हापासून वेधशाळा आणि हौशी मंडळी तिच्यावर दुर्बिणी रोखून आहेत. तिच्या अंगणात आता हौशी माणसाच्या हाती नवे काही लागेल, अशी अपेक्षा कोणी करत नव्हते. पण २०२२ मध्ये यान सँती या फ्रेंच हौशी छायाचित्रकाराने कित्येक रात्री मिळून शंभराहून अधिक तासांचा प्रकाश जमवला आणि त्यात दीर्घिकेच्या शेजारी एक निळसर-हिरवी कमान उमटली. ती आयनीभूत ऑक्सिजनची होती आणि तीन पूर्णचंद्र ओळीने मांडावेत इतकी लांब होती. मार्सेल ड्रेक्सलर आणि झाविए स्ट्रॉटनर हे या शोधातले त्यांचे जोडीदार. जानेवारी २०२३ मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या साथीने हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ग्रिनिच वेधशाळेच्या स्पर्धेत या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. या कहाणीत सगळ्यांना भुरळ पडते ती शंभर तासांची. मला मोलाचा वाटतो तो मधला, फारसा न सांगितला जाणारा टप्पा. कमान दिसल्यावर आधी संशय घेतला गेला तो स्वतःच्याच साधनांवर. वेगळ्या दुर्बिणी आणि वेगळे कॅमेरे घेऊन आकाशाचा तोच भाग पुन्हा टिपला गेला आणि तिथेही ती दिसल्यावरच तिला शोध म्हटले गेले. अनेक रात्रींच्या छायाचित्रावर किती विश्वास ठेवायचा हे तासांच्या बेरजेवरून ठरत नाही, ते कॅलिब्रेशनवरून, म्हणजे साधनांचे स्वतःचे दोष मोजून वजा करण्यावरून ठरते, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे मात्र छायाचित्राखाली तास ठळकपणे लिहिले जातात आणि कॅलिब्रेशनचा उल्लेखही नसतो.

कॅमेरा आकाशाचा प्रकाश जसाच्या तसा देत नाही. सेन्सर नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणून झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातही ठिपके उमटतात. वाचन करणारे इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक पिक्सेलवर एक ठरावीक आकडा आपल्या खिशातून टाकते. दुर्बिणीतून येणारा प्रकाश मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यांत कमी पडतो. फिल्टरवर किंवा सेन्सरच्या काचेवर बसलेला धुळीचा कण गोल कड्यासारखी सावली टाकतो. यावर तीन प्रकारच्या पूरक फ्रेम घेतल्या जातात. झाकण लावून, तितक्याच वेळेच्या आणि त्याच तापमानाला घेतलेल्या त्या डार्क, अत्यल्प वेळेच्या त्या बायस आणि एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या त्या फ्लॅट. मूळ फ्रेममधून डार्क वजा करायची, मग बायस काढून घेतलेल्या फ्लॅटने भागायचे. वाण्याच्या तराजूचा पासंग काढावा तसाच हा प्रकार आहे. पासंग असलेल्या तराजूवर तीच वस्तू शंभर वेळा तोलली तरी वजन शंभरदा चुकीचेच येते, उलट आपला चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र पक्का होतो.

या शेवटच्या वाक्यातच अनेक रात्रींच्या छायाचित्रणाची सगळी मेख आहे. फ्रेम वाढवल्या की यादृच्छिक गोंगाट वर्गमुळाच्या प्रमाणात दबतो. एका रात्रीऐवजी चार रात्री टिपल्या तर चित्र दुप्पट स्वच्छ होते, सोळा रात्री टिपल्या तर चौपट. पण धुळीचे कडे, कोपऱ्यांतला अंधार, तापलेले पिक्सेल हे यादृच्छिक नाहीत. ते प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी बसलेले असतात, म्हणून सरासरीने ते दबत नाहीत. आजूबाजूचा गोंगाट शांत झाला की ते अधिकच ठसठशीत दिसू लागतात. दोन फ्रेममध्ये दुर्बीण काही पिक्सेल सरकवण्याची युक्ती सुट्या पिक्सेलच्या दोषांवर उपयोगी पडते. शेकडो पिक्सेल व्यापणाऱ्या छायेपुढे तिचे काही चालत नाही. याचा आकड्यात अर्थ काय, तेही पाहावे. शहराच्या वेशीवरून टिपताना आकाशाची स्वतःची उजळी एखाद्या अंधूक तेजोमेघाच्या शंभर पट असू शकते. अशा वेळी फ्लॅटमधली अवघी एक टक्क्याची चूक त्या तेजोमेघाइतकीच मोठी ठरते. म्हणजे जी वस्तू शोधायला पंधरा रात्री जागायचे, तिच्याएवढीच बनावट वस्तू आपल्याच काचेवरची धूळ तयार करून देते. म्हणूनच दुसऱ्या रात्री कॅमेरा काढून पुन्हा बसवला, त्याचा कोन बदलला, फिल्टर हलला किंवा फोकस लक्षणीय सरकला, तर आदल्या रात्रीची फ्लॅट त्या रात्रीला लावणे म्हणजे दुहेरी चूक. नव्या जागी बसलेल्या कणाची सावली तशीच राहते आणि जुन्या जागी, जिथे आता सावलीच नाही तिथे, भागाकारामुळे एक उजळ कडे जन्माला येते. डार्कचे तसे नाही. थंड ठेवता येणाऱ्या कॅमेऱ्यात तापमान नेमके राखता येत असल्याने डार्कचा संच काही महिने पुरतो. फ्लॅटच्या बाबतीत मात्र ज्या रात्रीचे चित्र त्या रात्रीची फ्लॅट, हाच नियम सुरक्षित.

महाराष्ट्रात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. पावसाळ्याचे चार महिने आकाश जवळजवळ बंद. उरलेल्या महिन्यांतल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री, त्यातही सुट्टीला जोडून आलेल्या आणि धुके किंवा धुरकट हवा नसलेल्या. शहरात राहणाऱ्या हौशी माणसाला साधने गाडीत घालून सह्याद्रीच्या आडोशाला जावे लागते, म्हणजे दर खेपेला सगळे खोलायचे आणि पुन्हा जोडायचे. २०२४ मध्ये ज्याला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ते पेंच व्याघ्र प्रकल्पाचे काळेभोर आकाश पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज गाठता येण्याजोगे नाही. त्यामुळे एका वस्तूचे छायाचित्र नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत तुकड्यातुकड्यांनी पुरे होते, आणि दर तुकड्याचा पासंग वेगळा असतो. त्यात आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने होते, त्यात सेन्सर थंड ठेवायची सोय नसते. उष्णतेमुळे येणारा प्रवाह तापमान सहा-सात अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. देशावर हिवाळ्यात संध्याकाळ आणि पहाट यांत बारा-तेरा अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे एकाच रात्रीत हा प्रवाह चौथाईवर येतो. संध्याकाळी घेतलेली डार्क पहाटेच्या फ्रेमला लावली तर जास्तीचे वजा होऊन चित्रात काळे खड्डे पडतात. थंड कॅमेरा असणाऱ्यांना मात्र निसर्गाने एक सवलत दिली आहे: डार्कला आकाश लागत नाही. आषाढातल्या रात्री घरात बसून वर्षभराची डार्क तयार करता येते, आणि पावसाळ्याचा याहून चांगला उपयोग या छंदात तरी दुसरा नाही.

कॅलिब्रेशन झाल्यावर रात्री एकमेकींशी जुळवण्याचे काम उरते. एका रात्री चंद्रकोर होती, दुसरीला हवेत बाष्प होते, तिसरी काचेसारखी निर्मळ. या सगळ्या एका पातळीवर आणून, चांगल्या रात्रीला जास्त वजन देऊनच मिसळाव्या लागतात. इथे एक सोपी वाटणारी पण तोट्याची सवय दिसते. प्रत्येक रात्रीचे एक तयार चित्र करायचे आणि शेवटी त्या पाच-सहा चित्रांची सरासरी घ्यायची. उपग्रहांच्या रेघा, विमानांचे दिवे, वैश्विक किरणांचे ठिपके ओळखायचे तर त्या जागेचा आकडा बाकीच्या फ्रेमशी ताडून पाहावा लागतो, आणि तुलनेला शंभर फ्रेम असणे पाच असण्यापेक्षा केव्हाही भरवशाचे. तेव्हा फ्रेम आपापल्या रात्रीच्या फ्लॅटने दुरुस्त कराव्यात आणि मग सगळ्या एकाच ढिगात मिसळाव्यात. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून ३४२ फ्रेम घेतल्या आणि त्यातून सुमारे ३,००० दीर्घिका बाहेर आल्या, त्यामागेही दुरुस्ती आणि मिसळण हीच शिस्त होती. तरी रात्रनिहाय फ्रेम पुसून मात्र टाकू नयेत. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या सुमारे २ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. तो नेमका कधी उजळू लागला हे शोधताना, त्याआधी हौशी मंडळींनी त्याच दीर्घिकेची घेतलेली छायाचित्रे उपयोगी पडली. ज्याने सगळ्या रात्रींची एकच सुंदर सरासरी ठेवली आणि बाकी पुसून टाकले, त्याच्याकडे अशा वेळी देण्यासारखे काही नसते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा. डोळ्यांना न दिसणारे रंग दाखवायचे, वजाबाक्या-भागाकार करायचे, मग याला छायाचित्र का म्हणायचे, ही तर सरळ सरळ कारागिरी. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कारागिरीची उदाहरणे समोर आहेत. २०२३ मध्ये एका नामांकित कंपनीच्या फोनसमोर मुद्दाम अंधूक केलेले चंद्राचे चित्र धरले असता, त्या चित्रात नसलेले तपशील फोनने आपल्या पदरचे घातल्याचे लोकांनी दाखवून दिले होते. पण यातूनच फरक कळतो. डार्क आणि फ्लॅट यांना चंद्र कसा दिसतो हे ठाऊक नसते, देवयानीला कमान आहे की नाही हेही ठाऊक नसते. त्याच कॅमेऱ्याने त्याच साधनांवर केलेली ती मोजमापे आहेत, आणि समोर काय आहे याबद्दल ती पूर्ण अनभिज्ञ असतात. ज्या क्षणी दुरुस्तीला समोरची वस्तू कशी असायला हवी याचे ज्ञान पुरवले जाते, त्या क्षणी मोजमाप संपते आणि चित्रकला सुरू होते. चित्रकलेला माझी हरकत नाही, तिच्याखाली मोजमापाचा शिक्का मारण्याला आहे. आणि प्रामाणिकपणे मान्य करायला हवे की ही सीमा सगळीकडे इतकी स्वच्छ नाही. शहराचा उजेड आकाशात एका बाजूने चढतो, तो फ्लॅटने जात नाही. अंदाजाने आखलेला उतार वजा करावा लागतो, आणि त्या अंदाजात एखादा विस्तीर्ण फिकट तेजोमेघही पुसला जाऊ शकतो. तिथे छायाचित्रकाराचा निर्णय शिरतो. म्हणूनच तो निर्णय घेतला आहे हे सांगायला हवे.

दुसरा आक्षेप छंदाच्या बाजूने येतो. लोक आनंदासाठी आकाश टिपतात, त्यांच्यावर प्रयोगशाळेची शिस्त कशाला लादायची? आणि आता गोंगाट पुसणारी कृत्रिम बुद्धिमत्ता एका क्लिकवर मिळते, तेव्हा डार्क-फ्लॅटचा खटाटोप कशासाठी? आनंदाबद्दल वाद नाही. घरच्या भिंतीवर लावायच्या चित्राला कोणी पुरावा मागू नये. पण गोंगाट पुसणारे साधन धुळीचे कडे आणि तेजोमेघाची कड यांत फरक कसा करणार? इतर हजारो चित्रांवरून शिकून त्याला जे ओळखीचे वाटते ते ते उजळवते आणि जे अनोळखी वाटते ते पुसून टाकते. देवयानीजवळची कमान २०२२ पूर्वीच्या कुठल्याही साधनाला अनोळखीच वाटली असती. कष्टाचे म्हणाल तर फ्लॅटला लागतात दहा-पंधरा मिनिटे: पहाटे दुर्बीण खोलण्याआधी, उजळत्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या कापडातून. रात्रभर थंडीत कुडकुडणाऱ्याने एवढ्यासाठी कंटाळा करावा, याला कंजुषी म्हणावे लागेल.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी खगोलप्रेमींना एकत्र आणत आली आहे आणि आज लहानमोठ्या शहरांतही आकाशनिरीक्षणाचे गट आहेत. त्यांनी स्पर्धा आणि प्रदर्शने भरवताना प्रवेशिकेवर चार ओळी सक्तीच्या कराव्यात: किती रात्री आणि किती तास, फ्लॅट त्या त्या रात्रीची आहे का, डार्क कोणत्या तापमानाची, आणि शिकवलेल्या साधनाने चित्रात काही भर घातली आहे का. पारितोषिकाच्या टप्प्यावर मूळ फ्रेम मागण्याचा हक्क परीक्षकांनी राखून ठेवावा. वृत्तपत्रांनीही तेजोमेघाचे रंगीत छायाचित्र छापताना स्थळ आणि छायाचित्रकाराच्या नावासोबत एवढा तपशील एका ओळीत द्यावा. जागा लागेल तीन-चार सेंटिमीटर. आणि पुढच्या हिवाळ्यात मृगातल्या तेजोमेघाचे ‘चाळीस तासांचे’ चित्र मोबाइलवर आले, तर वाचकांनी ते पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला जरूर विचारावे की फ्लॅट कोणत्या रात्रीची आहे.