काठावरची मोटर पाणी ओढत नाही

उन्हाळ्यात घोड-भीमेचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर पाणी सोडते. मग आपण पाचची काढून साडेसातची बसवतो. मीही तेच केलं. पैसे गेले, पाणी आलं नाही, अर्धा एकर ऊस वाळला.

दहावीला हवेचा दाब शिकलो होतो, पण मोटरीशी कधी जोडला नाही. मोटर फक्त सक्शन पाइपातला दाब कमी करते. पाणी वर ढकलते ती नदीवर दाबणारी बाहेरची हवा. समुद्रकाठी ती फार तर ३३-३४ फूट ढकलेल. आपण ५०० मीटर उंचीवर, म्हणजे दोनेक फूट आणखी कमी. पाइपाचं घर्षण, बेंड, फुटव्हॉल्व्ह धरले तर २०-२२ फुटांपुढं भरवसा नाही. एचपी वाढवून हवेचा दाब वाढत नाही. एचपी लागते ती मोटरीपासून पुढं, शेतापर्यंत पाणी चढवायला.

म्हणून माझं मत, दुकानात जायच्या आधी दोरी घ्या आणि पाण्यापासून मोटरीपर्यंतची उंची मोजा. जास्त भरली तर मेन स्विच बंद करून मोटरच खाली उतरवा. सक्शन आखूड, डिलिव्हरी लांब. दोरी स्वस्त आहे, मोटर नाही. बघा पटतंय का.